आमचं छोटं खेळ-प्रकाशन बंद करतोय. उरलेल्या ३४० प्रती आणि हक्कांचं काय करू?

सूत्रधार_नागपूर

लिहू की नको असं महिनाभर चाललं होतं. परवा दुकानाचा, म्हणजे नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घराच्या माळ्याचा, हिशेब लावला आणि ठरवून टाकलं. मी आणि माझी मामेबहीण २०१९ पासून चालवत असलेलं प्रकाशन या मार्चअखेर बंद.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आम्ही मराठीत भूमिकेचे खेळ छापायचो. चार-पाच जण टेबलाभोवती (आमच्याकडे सतरंजीवर) बसतात. एक जण सूत्रधार, बाकीचे एकेक पात्र. सूत्रधार प्रसंग सांगतो, तुमचं पात्र काय करतं ते तुम्ही बोलायचं, जमलं की फसलं ते फासे ठरवतात. अमेरिकेत १९७४ साली डंजन्स अँड ड्रॅगन्सने हे सुरू केलं. आमच्याकडे डंजनही नव्हतं आणि ड्रॅगनही नव्हता. तान्ह्या पोळ्याच्या आदल्या रात्री काळी मारबत (मिरवणुकीतला मोठा पुतळा) गायब होते, उजाडायच्या आत शोधून आणा, हा आमचा पहिला खेळ. दुसरा १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईवर. तिसरं पुस्तक म्हणजे चार वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेल्या चार साहसकथा.

प्रत्येकी ५०० प्रती छापल्या. पहिलं संपलं. दुसऱ्याच्या ९० आणि तिसऱ्याच्या २५० प्रती माळ्यावर आहेत. बहीण आता बंगळुरूला, मी नोकरी सांभाळून पाकिटं चिकटवतो. १८ डिसेंबर २०२४ ला टपाल खात्याची रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद झाली, तिथे आमची कंबर मोडली. आता १८० रुपयांचं पुस्तक स्पीड पोस्टने परगावी पाठवायला ऐंशीच्या घरात जातात. घेणारा म्हणतो राहू द्या.

रडगाणं नाही. प्रश्न दोनच. या ३४० प्रतींचं काय करू? आणि नियम-कथा लोकांना मोकळ्या करून द्यायच्या तर कशा?

बर्डीवाला

काय सांगून राहिला भाऊ! मारबतवाला खेळ आमच्या पोरांनी इतका खेळला की पुस्तकाची पानं सुटली. लय वाईट वाटलं.

तर्रीबाज

पानं खेळून सुटली की उन्हानं? माझी प्रत मे महिन्यात गाडीच्या डिकीत राहिली होती. संध्याकाळी काढली तं कव्हर एका हातात, पुस्तक दुसऱ्या हातात.

सूत्रधार_नागपूर

@तर्रीबाज, तो आमचाच पराक्रम. पैसे वाचवायला शिवण न घालता नुसती गोंदाची बांधणी केली. छपाईवाल्याने विचारलंही होतं, "पुस्तक कुठं ठेवणार?" मी म्हटलं माळ्यावर. तो हसला आणि गप्प बसला. वर टिन, बाहेर ४५ डिग्री. गरम करून लावलेला गोंद गरमीनेच सैल पडणार, हे कळायला पदवी लागत नाही. दुसऱ्या पुस्तकापासून मधोमध दोन पिना मारल्या. एकही प्रत सुटली नाही.

कोथरूडची_काकू

प्रामाणिक मत देते, राग मानू नका. हा खेळ मराठीत चालणारच नव्हता. ज्यांना असले खेळ आवडतात ती मुलं इंग्रजीत खेळतात. ज्यांना मराठी वाचायला आवडतं त्यांना चार तास मांडी घालून बसायला वेळ नाही. बाजार नसताना दुकान काढलं, इतकंच झालं.

बर्डीवाला

काकू, खडी गंमत, म्हणजे आमच्या विदर्भातलं लोकनाट्य, रात्रभर चालते आमच्याकडं. लोक मांडी घालूनच बसतात.

कोथरूडची_काकू

बघायला बसतात. खेळायला नाही.

चिंचोका

काकूंचा मुद्दा अर्धा बरोबर आहे, पण चालला नाही असं कसं म्हणता? ५०० प्रती संपल्या. १९७४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्सची पहिली आवृत्ती हजार प्रतींची होती. ती खोकी हातानेच जुळवली होती आणि खपायला जवळपास वर्ष गेलं. त्यांच्यासमोर आख्खी अमेरिका होती, यांच्यासमोर महाल ते धरमपेठ.

मला यांच्या खेळात सगळ्यात आवडलं ते फाशांचं. अशा खेळांना लागणारा वीस बाजूंचा फासा नागपुरात दुकानात मिळत नाही, ऑनलाइन मागवावा लागतो. यांनी चिंचोके वापरले. चार अर्धे चिंचोके, एक बाजू पांढरी, एक काळी. टाकायचे आणि पांढरे मोजायचे. आजीच्या अष्टचंग या पटावरच्या खेळातला नियम तसाच ठेवलाय: चारही पांढरे तर चार, चारही काळे तर थेट आठ. गणित बघा. एकूण शक्यता १६. दोन पांढरे यायच्या ६, एक किंवा तीन यायच्या चार-चार, चार यायची एक आणि आठ यायची एक. म्हणजे बहुतेक वेळा मधलंच दान पडतं, आणि सोळात एकदा आठ पडलं की सतरंजीवर बोंब उठते. वीस बाजूंच्या फाशात प्रत्येक आकडा सारखाच येतो, तिथे ही मजा नाही.

वीसबाजू

तिथे वेगळी मजा आहे. एक येतो आणि तुमचा शूरवीर स्वतःच्याच तलवारीला अडखळतो.

अवांतर: आम्ही चिंचोके नव्हते म्हणून कवड्या वापरल्या तर खेळ पार बिघडला. कवडी तोंड वर आणि पाठ वर सारखी पडत नाही. आमच्या तर सारखं आठच यायला लागलं.

चिंचोका

पडणारच नाही. कवडीची पाठ फुगीर, तोंड सपाट. चिंचोका नीट फोडून दगडावर घासला तर जवळपास सारखा पडतो. घासायचा मात्र आजीसारखा. सिमेंटच्या ओट्यावर, पाणी लावून.

इतिहासाचा_मास्तर

दुसऱ्या पुस्तकाविषयी एक सांगायचं राहून गेलं होतं, आता बंदच करताय तर सांगतो. मुखपृष्ठावर सीताबर्डीचा किल्ला, बुरूज, तटबंदी आणि खाली भोसल्यांची फौज दाखवली आहे. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला लढाई झाली तेव्हा तिथे किल्ला नव्हता. दोन टेकड्या होत्या, त्यावर इंग्रजांची फौज. किल्ला लढाईनंतर इंग्रजांनी बांधला.

सूत्रधार_नागपूर

मास्तर, हे छापून आल्यावर तिसऱ्या दिवशी एका शाळकरी मुलीने मला फोनवर सांगितलं होतं. १ मेला किल्ला लोकांसाठी उघडतात तेव्हा ती आजोबांबरोबर जाऊन आली होती. आत दोन टेकड्यांचंच लिहिलंय, चूक फक्त कव्हरवर. तेव्हापासून ९० प्रती कुणाला द्यायलाही लाज वाटते.

तर्रीबाज

मंग त्या प्रतींवर लिवा "दुर्मिळ चुकीची आवृत्ती" आन् दुप्पट भावात विका. तिकिटं गोळा करणारे असंच करतेत.

वाचनालयवाली_ताई

मी एका छोट्या सार्वजनिक वाचनालयात काम करते. तिसऱ्या पुस्तकाच्या वीस-पंचवीस प्रती आम्ही आनंदाने घेऊ, फुकट नाही, निम्म्या किमतीत. आमच्याकडे उन्हाळ्याच्या सुटीत मुलं दुपारी येतात, कूलर आहे म्हणून. त्यांना हातात काहीतरी हवं. एक विचारायचं होतं: आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, घेतला होता का? नोंदवहीत लागतो.

सूत्रधार_नागपूर

हो ताई. आयएसबीएन आपल्याकडे फुकट मिळतो, तिन्ही पुस्तकांना आहे. आणि निम्मी किंमत नको, पाकिटखर्च नाही म्हणजे तोच नफा. मीच आणून देतो.

हिशेबनीस

प्रश्नाला धरून नाही, पण कुणी पुढे असं काही काढणार असेल तर कामी येईल. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य. फक्त करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणीही लागत नाही. पण पुस्तकाबरोबर खोक्यात फासे, सोंगट्या, पट घातला की गोष्ट बदलते. एकाच किमतीत वेगवेगळ्या दराच्या वस्तू एकत्र विकल्या तर कायदा सगळ्यात चढा दर लावतो. पटावरच्या खेळांवर १२ टक्के होते, सप्टेंबर २०२५ पासून ५ झाले. सूत्रधारांनी चिंचोके "स्वतःच्या घरचे वापरा" म्हटलं त्यात शहाणपण होतं, मुद्दाम असो की नसो.

सूत्रधार_नागपूर

मुद्दाम नव्हतं. चिंचोके फोडून द्यायला माणूस नव्हता.

वीसबाजू

आता माझं लांबलचक. मी या खेळांच्या मागे पंधरा वर्षं वेडा आहे, तेव्हा सहन करा.

प्रकाशक बुडणं ही या धंद्यातली जुनी रीत आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्स काढणारी टीएसआर १९९७ मध्ये विकली गेली, विझर्ड्स ऑफ द कोस्टने घेतली, आणि १९९९ मध्ये विझर्ड्सलाच हॅस्ब्रोने घेतलं. खेळ चालू राहिला कारण घेणारा मोठा होता. वेस्ट एंड गेम्स १९९८ मध्ये दिवाळखोरीत गेली. स्टार वॉर्सचा खेळ त्यांचा होता, आणि त्यांना खाली ओढलं मालकाच्या चपला-बुटांच्या धंद्याने. खरं सांगतोय. फासा (FASA) नावाच्या कंपनीने २००१ मध्ये दिवाळं निघायच्या आधीच आपणहून शटर ओढलं, सूत्रधार करतायत तसं.

मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटते ती गेम डिझायनर्स वर्कशॉपची गोष्ट. १९७७ मध्ये त्यांनी ट्रॅव्हलर काढला, १९९६ मध्ये कंपनी बंद. पण हक्क मूळ लेखक मार्क मिलर यांच्याकडे गेले. पुढे त्यांनी दुसऱ्यांना छापायला दिला आणि तो खेळ अजून जिवंत आहे. हक्क कुणाच्या खिशात आहेत ते बघा, गोदामातल्या प्रतींचं नंतर बघू.

आणि एक. जानेवारी २०२३ मध्ये विझर्ड्सने जुना खुला परवाना (इतरांना त्यांचे नियम वापरू देणारा) बदलायचा मसुदा केला, तो बाहेर फुटला, लोक इतके भडकले की महिना संपायच्या आत कंपनीने मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये, म्हणजे कुणीही वापरावं अशा परवान्याखाली, टाकले. एकदा टाकलं की मागे घेता येत नाही. सूत्रधार, हेच करा.

कोथरूडची_काकू

चपलांमुळे स्टार वॉर्स बुडालं हे मात्र मला आवडलं.

पुस्तकवेडा_अमरावती

विक्रेत्यांनी पैसे दिले का तुमचे? आमच्या ओळखीच्या एका कवितासंग्रहवाल्याचे सगळे पैसे असेच अडकले.

सूत्रधार_नागपूर

त्याचंच लिहिणार नव्हतो. एका विक्रेत्याकडे (गाव सांगत नाही, दुकान सांगत नाही) ८० प्रती "विकल्यावर पैसे" या बोलीवर दिल्या होत्या. दोन वर्षं फोन. आधी "दिवाळीनंतर", मग "हिशेब चाललाय", मग नंबर बदलला. मी स्वतः गेलो तर आमची पुस्तकं रंगवायच्या पुस्तकांच्या गठ्ठ्याखाली होती, वरच्या दोन प्रतींवर चहाच्या कपाचे गोल. ५१ प्रती परत आणल्या. उरलेल्या २९ चं काय झालं ते त्यालाही माहीत नाही.

वीसबाजू

हेच मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत झालंय. डायमंड म्हणून कॉमिक्स आणि खेळांची बडी वितरक कंपनी जानेवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली. छोट्या प्रकाशकांचा माल तिच्या गोदामात विकल्यावर-पैसे बोलीवर पडून होता. तो विकून देणेकऱ्यांचे पैसे भागवायचे असं निघालं आणि प्रकाशक कोर्टात धावले. माल आपला, पण कुलूप दुसऱ्याचं.

वकील_अंबाझरी

मी वकील आहे, सल्ला फुकट आहे, त्यामुळे त्याची किंमत तेवढीच धरा.

खेळाची युक्ती, म्हणजे "चार चिंचोके टाका, आठ पडलं तर अमुक", यावर कुणाचा हक्क नसतो. हक्क असतो तो ती ज्या शब्दांत लिहिली आहे त्यावर. पहिली दोन पुस्तकं तुम्ही आणि बहिणीने लिहिली असतील तर दोघांनी मिळून क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना त्यावर छापा, पीडीएफ चढवा, झालं. हक्क पूर्णच सोडायचे असतील तर प्रताधिकार कायद्याच्या कलम २१ मध्ये तीही सोय आहे, जाहीर सूचना देऊन. पण परवाना पुरे. नाव तरी राहतं.

घोळ तिसऱ्या पुस्तकात. त्या चार कथांच्या लेखकांकडून काय लिहून घेतलं होतं?

सूत्रधार_नागपूर

वहीच्या पानावर. "ही कथा प्रकाशनाला दिली आहे, मोबदला २००० रुपये आणि १० प्रती." सही, तारीख. २०२० च्या ऑगस्टमधली.

वकील_अंबाझरी

मुदत लिहिली होती का? "कायमची", "इतकी वर्षं", असं काही?

सूत्रधार_नागपूर

नाही.

वकील_अंबाझरी

मग कलम १९ वाचा. मुदत लिहिली नसेल तर हक्क पाच वर्षांसाठीच दिले असं धरतात. २०२० चा ऑगस्ट अधिक पाच. गेल्या ऑगस्टमध्येच त्या कथा लेखकांकडे परत गेल्या. आता त्या तुमच्या नाहीत, त्यामुळे तुम्ही मोकळ्या करू शकत नाही. चौघांना विचारा.

बर्डीवाला

बाप रे. म्हणजे भाऊ दुसऱ्याची गाय दान करून राहिले होते.

तर्रीबाज

गाय नाही बे, तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल.

सूत्रधार_नागपूर

वकीलसाहेब, हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं असं म्हणणार होतो, पण आधी मी कुणाला विचारलंच नव्हतं. तिघांना आत्ताच संदेश केला. दोघींचं लगेच "हो, टाका" आलं. तिसऱ्याने अंगठा दाखवला, त्याचा अर्थ हो धरू का?

वकील_अंबाझरी

अंगठ्याचा अर्थ अंगठा. दोन ओळी लिहून घ्या.

झाडीपट्टीकर

राम राम. चौथा मीच. सूत्रधारांना माझा नवीन नंबर माहीत नसेल, म्हणून इथेच लिहितो.

माझी कथा मोकळी करायची नाही. त्यात नाटक मंडळी गावात येते, नाटकाच्या रात्री खलनायकाचं काम करणारा नट पळून जातो आणि खेळणाऱ्यांनी पडदा उघडायच्या आत दुसरा उभा करायचा, असं आहे. ती मी आता तीन अंकी नाटक म्हणून वडशाच्या एका मंडळीला दिली आहे. पुढच्या हंगामात उभी राहील. ते म्हणाले गोष्ट बाहेर कुठे फुकट फिरत नाही ना. मी म्हटलं नाही. आता तुम्ही फिरवली तर माझं तोंड काळं.

प्रकाशनावर राग नाही. २००० रुपये वेळेवर मिळाले होते. तेव्हा ते माझे लिखाणाचे पहिले पैसे.

कोथरूडची_काकू

पाहिलंत? बाजार होता. दुसऱ्याच धंद्यात होता.

चिंचोका

काकू, आता तुम्हीच आमच्या बाजूला आलात.

वीसबाजू

@झाडीपट्टीकर, पण छापील २५० प्रतींत तुमची कथा आहेच ना. त्या वाटल्या तर?

झाडीपट्टीकर

छापील आहे ते आहे. पाचशे छापल्या तेव्हा मी हो म्हटलं होतं. ताईंच्या वाचनालयात गेल्या तर मला आनंदच. फक्त इंटरनेटवर नको, आणि पुन्हा छपाई नको.

वकील_अंबाझरी

हे बरोबर आहे. परवानगीच्या काळात छापलेल्या प्रती वाटायला हरकत नाही. आणि हे त्यांनी इथे लिहिलंय, तेही जपून ठेवा.

इतिहासाचा_मास्तर

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांचे किती स्टॉल लागतात आणि लोक पिशव्या भरून कशी पुस्तकं नेतात ते सगळ्या नागपूरकरांना माहीत आहे. तिथे कधी बसला होतात का?

सूत्रधार_नागपूर

नाही मास्तर. तिथे लोक काय न्यायला येतात ते मला ठाऊक आहे. मारबतीचा खेळ घेऊन मध्ये बसायचं धाडस झालं नाही. संकोच म्हणा.

बर्डीवाला

मारबतीवरून आठवलं. पहिलं पुस्तक संपलं ना? आमची प्रत फाटली. पीडीएफ टाकणार असाल तं मीच छापून पिना मारून घेतो.

सूत्रधार_नागपूर

तर आत्तापर्यंतचं असं. पहिली दोन पुस्तकं बहिणीला विचारून मोकळी करतो. ती हो म्हणाली, फक्त "कव्हर बदल रे बाबा" म्हणाली. म्हणून दुसऱ्याचं कव्हर बदलून त्यावर दोन टेकड्या काढतोय, हातानेच. तिसऱ्यातल्या तीन कथा लेखी होकार आले की टाकतो, चौथी नाही. २५० पैकी पंचवीस वाचनालयाला, दहा झाडीपट्टीकरांना. ते आधीच्या दहातली एकही शिल्लक नाही म्हणतात. बाकीच्या येत्या रविवारी सकाळी ९ वाजता फुटाळा तलावावर घेऊन बसतो. ज्याला हवी त्याने न्यावी, पैसे वाटले तर द्यावे. चुकीच्या किल्ल्याच्या ९० पण आणतो.

खेळायचंही बघू. मारबत चार जणांत दोन तासांत होते.

तर्रीबाज

नऊला नको, साडेसातला या. नऊला ऊन लागते, पुस्तकं पुन्हा सुटतीन.

सूत्रधार_नागपूर

ही पिना मारलेली आहेत. पण साडेसात.

वाचनालयवाली_ताई

मी येते. सोबत तीन मुलं आहेत, मोठी नववीत. चालेल ना?

चिंचोका

चालेल काय, लागतीलच. तर्रीबाज पोहे आणतो, मी चिंचोके. बारा अर्धे आहेत घासलेले, पण त्यातला एक सारखा पांढराच पडतो. तो कुणी कुणाला दिला हे मी सांगणार नाही.